मदत हवी आहे: देवबाग-भोगवे परिसरात पाच दिवस, चालणे + कयाकिंग + थोडी भटकंती

पिंपरीकर

नमस्कार मंडळी,

जानेवारीत सिंधुदुर्गात पाच दिवस जायचं घाटतंय. आम्ही चौघे: मी, बायको, आठवीतली मुलगी आणि आई. आई सत्तरीला टेकली आहे, गुडघे कुरकुरतात, पण तिला घरी ठेवून जायचा प्रश्नच नाही. बाकी तिघांना दुपारभर खुर्ची टाकून समुद्र बघत बसायची सुट्टी नको आहे. बायको नेमाने ट्रेक करते. मुलीच्या डोक्यात कयाक शिरलंय. पोहता तिघांनाही येतं, पण तलावातलं. खाडीत वल्हं मारायचा अनुभव शून्य.

कच्चा बेत असा: पुण्याहून गाडीने कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली करत मालवण. मुक्काम सगळ्या रात्री देवबागला. पहिल्या सकाळी भोगवे ते किल्ले निवती चालत. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. मग धामापूरचा तलाव आणि वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर. शेवटच्या दिवशी कर्ली नदीत कयाकिंग, ते मुलीसाठी राखून ठेवलंय.

विचारायचं हे की एकच मुक्काम बरा की दोन? नवख्यांनी कर्लीत कयाक चालवावी का? आणि आई किल्ल्यात येऊ शकेल का? ती शाकाहारी आहे, त्याचाही विचार करायचाय. नाताळ ते एक जानेवारी मुद्दाम टाळतोय, बाकी तारखा अजून मोकळ्या आहेत.

सडाफिरस्ती

मुक्काम दोन करा, डोळे झाकून. देवबाग आणि भोगवे नकाशावर समोरासमोर दिसतात, पण मध्ये कर्ली समुद्राला मिळते. गाडीने जायचं तर मालवणला मागे येऊन नेरूरपारच्या पुलावरून मोठा वळसा पडतो. होडीने पलीकडे जाता येतं, पण मग गाडी अलीकडे राहते आणि परतीच्या होडीची चिंता दिवसभर डोक्यात. पहिल्या दोन रात्री मालवण-तारकर्ली-देवबाग, पुढच्या भोगवे किंवा निवतीकडे.

धामापूर आणि वालावल त्या वळशाच्या वाटेवरच पडतात, म्हणजे मुक्काम बदलायच्या दिवशी ते आपोआप होतं. धामापूरचा तलाव 1530 सालचा आहे, काठावर भगवतीचं देऊळ. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. आईंना तिथे घाटावर निवांत बसता येईल.

चालायचं म्हणाल तर भोगव्याची पुळण (वाळूचा किनारा) संपली की चढ लागतो आणि निवतीच्या किल्ल्यावर पोचता. किल्ला लहान, पडका, तट रानाने गिळलेला. पण तिथून मागे वळून भोगव्याचा किनारा बघा, सिंधुदुर्गातली ही माझी सगळ्यात आवडती जागा. दक्षिणेला किल्ले निवती गावची वाळू, तिच्याजवळचे सोनेरी खडक, आणि हवा स्वच्छ असली तर समुद्रातला दीपगृहाचा खडकही दिसतो. अंतर फार नाही, ऊन मात्र फार. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, जांभा दगड तापतो आणि सावली औषधालाही नाही. नऊच्या आत चढ उरकलेला बरा. पाणी बरोबर न्या, वर काही मिळणार नाही.

खाडीकाठचो

देवबागात रवान भोगव्याक चलूक जातलास? मधी कर्लीची खाडी आसा मा! वरच्या ताईंनी सांगितलंच आहे, मी भरतीचं सांगतो, कारण तुमच्या बेतात ती कुठेच नाही.

आमच्याकडे जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा अंदाजे तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी पुरी सुकती, म्हणजे ओहोटी. दोन्ही पक्षांत हेच.

आता कयाकला काय हवं? सकाळची भरती. पाणी चढत असताना त्याच्याबरोबर आत शिरायचं आणि उतरू लागलं की त्याच्याबरोबर परत यायचं. शिवाय सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो. अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि कर्लीच्या रुंद पात्रात तो हलकी कयाक आडवी लावतो. नवखा माणूस तिथेच दमतो, लांबीने नाही. म्हणजे तुमची तारीख द्वादशीच्या आसपास. पहिल्यांदा चालवताय तर मी खवण्याची खाडी सुचवीन. ती अरुंद, दोन्ही बाजूंना कांदळवन, वारा कमी लागतो. सुकतीला मात्र तिथे चिखल उघडा पडतो, तेव्हा जाऊन उपयोग नाही.

पायी किनारा धरायचा तर उलट, पहाटेची सुकती हवी. ती पौर्णिमेला मिळते. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं आणि वाळू रुंद मिळते. म्हणून तुमचा क्रम उलटा करा. एकादशीच्या सुमारास या, कयाक आधी, भोगवे-निवती पौर्णिमेला शेवटी. अमावास्येलाही चालेल.

एक गोष्ट सक्त. उधाणाच्या सुकतीत कर्लीचं पाणी संगमावर जोरात बाहेर ओढतं. तेव्हा कयाक घेऊन नदीच्या तोंडाकडे जायचं नाही, कोणी कितीही 'काय होत नाय' म्हणालं तरी. लाइफ जॅकेट फक्त गळ्यात अडकवलेलं नको, पट्टे आवळलेले हवेत.

पिंपरीकर

हे पंचांग बघून सुट्टी टाकायचं प्रकरण आईला भलतंच आवडलं आहे! तिने कालनिर्णय उतरवून तिथ्या काढल्या सुद्धा. क्रम उलटा करतोय. मुलीलाही आनंद, कयाक आधी आली.

मग पहिले दोन दिवस मालवणकडे असताना खवण्याला जायचं कसं? की मुक्कामांचाही क्रम उलटा करू?

खाडीकाठचो

व्हय, तसाच करा. आधी खवणे-निवतीच्या बाजूला राहा आणि कयाक उरका, मग दोन दिवस मालवण, आणि शेवटच्या रात्री परत भोगव्याला. नाहीतर पौर्णिमेच्या पहाटे देवबाग-तारकर्लीचीच वाळू तुडवा. तीही लांबलचक आहे, चढ नाही. फक्त निवतीचा किल्ला हुकेल.

सडाफिरस्ती

किल्ला हुकवू नका हो! एक रात्र जास्त सामान बांधावं लागेल, एवढंच.

सोलकढी_प्रेमी

सिंधुदुर्ग किल्ल्याचं राहिलं. आईंना नेता येईल, पण होडीत चढणं-उतरणं हीच खरी परीक्षा. होडी हलत असते, हात धरायला एकाला पुढे आणि एकाला मागे ठेवा. आत शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत हळूहळू जाता येतं. तटावर चढायचा हट्ट नको. होडीवाले तासाभराची मुदत देतात, ती सगळ्यांसाठी कमीच. जास्त वेळ हवा असेल तर बसण्याआधी बोलून घ्या. 1664 मध्ये कुरटे बेटावर काम सुरू झालं, वळणावळणाचा तट धरला तर सुमारे तीन किलोमीटर. तुम्ही तिघे एका तासात तो नीट बघणार नाही. शनिवार-रविवार टाळा.

जेवणाची काळजी नको. आदल्या दिवशी सांगितलं की काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, आंबोळी, सोलकढी घरगुती मुक्कामात आनंदाने करून देतात. ऐन वेळी सांगितलंत तर मात्र बटाट्याच्या भाजीवर बोळवण होते. आणि जानेवारीत गावोगाव जत्रा असतात. मुक्कामाच्या मालकांना विचारा, जवळपास दशावताराचं नाटक असेल तर आईंना घेऊन जा. रात्री उशिरा उभा राहतो, दुपारी झोप काढून घ्या.

पिंपरीकर

दशावतार हे ऐकूनच आईने बॅग भरायला घेतली आहे. शेवटचा प्रश्न: पायात काय घालू? ट्रेकचे बूट की सँडल?

सडाफिरस्ती

मागे पट्टा असलेले सँडल, तळ जाड. पुळणीवर काढून हातात घ्या, पण खडकांवर अनवाणी चढू नका. सुकतीला उघड्या पडलेल्या खडकांना कालवं (शिंपले) चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी कापते. निवतीच्या चढासाठी बायकोला बूट चालतील. तुम्हा बाप-लेकीला सँडल पुरे.