रेडिओ जॅम करणारे तोफगोळे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, शीतयुद्धातल्या तोफखान्यावर वाचतोय, त्यात अमेरिकेच्या १५५ मिमी एक्सएम८६७ गोळ्याचा उल्लेख आला, स्फोटकांऐवजी आत छोटे जॅमर, ते शत्रूच्या भागात पडून रेडिओ बंद पाडणार. ताकद कमी चालते हे पटतं, जॅमर रिसीव्हरच्या जवळच असतो ना. तोफेतला झटकाही इलेक्ट्रॉनिक्स सोसतं, दुसऱ्या महायुद्धातले प्रॉक्सिमिटी फ्यूज (लक्ष्याजवळ येताच गोळा फोडणारे, आत छोटा रेडिओ असलेले) २०,००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २०,००० पट झटका सहन करायचे! पण जमिनीत रुतल्यावर अँटेना उभी कशी राहते? आणि अमेरिकी लष्कराच्या सिंकगार्ससारखा रेडिओ ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला शंभरेक वेळा फ्रिक्वेन्सी बदलतो, त्याच्यापुढे एवढासा जॅमर टिकेल का? तोफखान्यात किंवा सिग्नल्समध्ये काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, मराठीत यावर काही वाचायला असेल तर तेही सुचवा.