१९९५ ते २००० मध्ये नेटवर अभ्यासाचं मटेरियल कसं शोधायचे?

चाटीगल्ली: नमस्कार मंडळी, मी सोलापुरातच लायब्ररी सायन्स करतेय, प्रोजेक्ट आहे की गूगल येण्याआधी लोक रिसर्च पेपर कुठनं मिळवायचे. कुणी त्या काळात केलंय का?

सातरस्ता_७०: केलंय की! तेव्हा मी फिजिक्स करत होतो. १९९१ ला पॉल गिन्सपार्गनं लॉस अलामॉसला प्रीप्रिंटचं, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीच्या पेपरांचं, आर्काइव्ह सुरू केलं, आताचं arXiv.org म्हणजे तेच, आणि त्याची खरी कमाल अशी की नुसता ईमेल असला तरी चालायचं, ठरलेली कमांड लिहून मेल पाठवायचा की अख्खा पेपर टेक (TeX, गणिताची सूत्रं टाइप करायची पद्धत) फाइलमध्ये मेलनंच परत यायचा. मी रात्री एसटीडीचे दर उतरले की नेटसाठी मोडेमनं पुण्याला डायल करायचो, लाइन मधेच तुटली की परत पहिल्यापासून, पण सकाळी तो पेपर हातात असला की काय वाटायचं ते सांगता येत नाही.

डॉ_होटगी: मेडिकलचं सांगते. जून १९९७ पासून पबमेड, म्हणजे मेडिकल पेपर शोधायची साइट, फुकट झालं, आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती ती. पूर्ण पेपर क्वचितच, पण अ‍ॅबस्ट्रॅक्टखाली (पेपरच्या सारांशाखाली) लेखकाचा पत्ता असायचा, त्यावर पत्र टाकलं की बरेच जण रीप्रिंट, म्हणजे पेपरची छापील प्रत, पोस्टानं पाठवायचे. माझ्याकडं अजून फाइल आहे, बघायला ये.

सिद्धेश्वर_पेठ: अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या सर्च इंजिनवर शब्द अवतरणात टाकायचो, नाहीतर कचराच जास्त. जुनी वेबपानं वेबॅक मशीनवर (जुन्या साइट्स जपून ठेवणारी साइट) बघ, १९९६ पासूनची आहेत.

चाटीगल्ली: डॉक्टर, रविवारी येऊ का?