मदत हवी आहे: उंदराच्या श्वासनलिकेत सिलियांवर (पेशींवरच्या सूक्ष्म केसांवर) रंग का चढतोय?

सोलापुरात उंदराच्या श्वासनलिकेच्या ५ मायक्रॉन पॅराफिन सेक्शनवर बीपीआयएफए१ या श्वासमार्गात स्रवणाऱ्या प्रथिनाचं स्टेनिंग चालू आहे. अँटिजेन मोकळं करायला पीएच ६ चा सायट्रेट बफर, प्रथिनाला चिकटणारी सशाची अँटिबॉडी, तपकिरी रंग देणारं डीएबी. सिलिया नसलेल्या स्रावी पेशी छान रंगतात, तिथेच ते बनतं. पण शेजारच्या सिलियांच्या टोकांवरही तपकिरी रेघ उमटते. स्रवलेलं प्रथिन म्यूकससोबत चिकटलंय, की खोटा रंग? इथल्या उन्हाळ्यात ओलसर डब्यातही स्लाइडच्या कडा सुकतात, खोट्या रंगाचं तेही कारण असू शकतं. प्राथमिक अँटिबॉडीविना स्लाइड स्वच्छ येते, पण तेवढ्याने त्या अँटिबॉडीच्या नेमकेपणाची खात्री पटत नाही. फिक्स करण्याआधी नलिका पीबीएसने (खारट बफरने) धुतली तर रेघ जाईल का? शिवाय सिलिया ओळखायला वापरायची अ‍ॅसिटिलेटेड ट्यूब्युलिनची अँटिबॉडी उंदराचीच आहे; उंदराच्या ऊतीवर पार्श्वभूमीचा नको असलेला रंग कसा आवरता? फॅब ब्लॉकिंग (ऊतीतल्या उंदराच्या अँटिबॉडी आधीच अँटिबॉडीच्या तुकड्यांनी झाकणं) किती वेळ ठेवता, तेही सांगा.