मदत हवी आहे: पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत ताईला किती डोस मिळेल? (एएमएल)

नमस्कार. ताईला एएमएल (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) आहे. पहिल्या केमोनंतर रेमिशन मिळालं होतं (आजार आटोक्यात आला होता), पण आजार उलटला आणि दुसऱ्या केमोला ब्लास्ट (कर्करोगाच्या अपरिपक्व पेशी) हललेच नाहीत. जनुकीय तपासणीत केएमटी२ए या जनुकात बदल आलाय, म्हणून डॉक्टरांनी एका नव्या मेनिन इनहिबिटरची (मेनिन या प्रथिनाला अडवणाऱ्या औषधाची) पहिल्या टप्प्यातली चाचणी सुचवली आहे. याच जातीचं रेव्हुमेनिब अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं, त्यामुळे मला खरंच आशा वाटते.

अडलंय ते डोसपाशी. संमतीपत्रात लिहिलंय की या टप्प्यात मुख्यतः किती डोस सोसतो ते पाहतात. तीन रुग्णांना कमी डोस, कुणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना जास्त, एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. पद्धत पटते. पण ताई अगदी पहिल्या तिघांत असली तर? तिच्याकडे वाया घालवायला महिने नाहीत. नंतर तिचा डोस वाढवतात का? शिवाय बुरशीचा संसर्ग होऊ नये म्हणून ती पोसाकोनाझोल घेते, ते बंद करावं लागेल का? ज्यांच्या घरात कुणी अशा चाचणीत होतं त्यांनी कृपया लिहा. सही करायची हे ताईने ठरवलंय, मला फक्त तिच्या वतीने नीट प्रश्न विचारायचेत.

प्रतिसाद

माझे यजमान दुसऱ्या एका औषधाच्या पहिल्या टप्प्यात होते. सध्या कितवा गट चालू आहे, आधीच्या गटांत कुणाचे ब्लास्ट उतरले का, हे बेधडक विचारा. त्याच रुग्णाचा डोस पुढे वाढवता येतो की नाही, हे प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी आराखड्यात) ठरलेलं असतं आणि प्रत्येक चाचणीत वेगळं असतं.

पोसाकोनाझोल स्वतःहून थांबवू नका. यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमला ते अडवतं, त्यामुळे काही औषधं रक्तात साठतात. रेव्हुमेनिबसोबत ते असेल तर रेव्हुमेनिबचाच डोस कमी ठेवतात. या जातीच्या औषधांत डिफरन्शिएशन सिंड्रोमची (कर्करोगाच्या पेशी झपाट्याने परिपक्व होताना उठणाऱ्या गंभीर प्रतिक्रियेची) भीती असते. ताप, धाप, भराभर वाढणारं वजन दिसलं की वाट पाहायची नाही, लगेच स्टेरॉइड लागतं. मध्यरात्री फोन कोण उचलेल, तो नंबर आजच मागा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेमिशन आलं तर चाचणी थांबवून स्टेम सेल ट्रान्सप्लांटला जाता येईल का आणि नंतर औषध पुन्हा सुरू करता येईल का, हे सहीआधी विचारा. सही झाल्यावरही ताई कधीही बाहेर पडू शकतात.