'मोटिव्हेशन'ला मराठीत काय म्हणावं? प्रेरणा, हेतू, कारण की निमित्त?

प्रश्न

'गेम ऑफ थ्रोन्स'वर एक लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलेय. (मालिका २०१९मध्येच संपली आहे, त्यामुळे शेवट फोडल्याबद्दल माफी मागत नाही.) पात्रं जे करतात ते का करतात, हा विषय. इंग्रजी शब्द 'मोटिव्हेशन'. कोशात 'प्रेरणा' मिळाला, म्हणून वाक्य केलं : "ब्रॅनला मनोऱ्यावरून ढकलून देण्यामागे जेमीची प्रेरणा काय होती?" वाचून माझं मलाच हसू आलं. पोराला खिडकीतून खाली लोटणारा माणूस आणि प्रेरणा! जणू पुढच्या वाक्यात तो आपल्या यशाचं श्रेय आईवडिलांना देणार.

'मोटिव्हेशन' तसंच ठेवलं तर पहाटे पाचला उठायला सांगणारी भाषणं आठवतात. 'हेतू' चालेल का?

प्रतिसाद १

जेमीच्या त्या प्रसंगापुरता 'हेतू' चपखल आहे. हेतू पुढे बघतो : काय साधायचं होतं? तर जुळ्या बहिणीशी, सर्सीशी असलेल्या संबंधांचं गुपित फुटू द्यायचं नव्हतं. 'कारण' मागे बघतं : हे कशामुळे झालं? तर पोरगं भिंत चढून आलं आणि त्याने नको ते पाहिलं. एकाच कृत्याला दोन्ही असतात आणि चाहत्यांची निम्मी भांडणं एकजण हेतू विचारतो आणि दुसरा कारण सांगतो म्हणून होतात.

गंमत म्हणजे न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, 'हेतु' म्हणजे उद्देश नव्हेच. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. यातला धूर हा हेतु. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय, निगमन या अनुमानाच्या पाच पायऱ्यांतला दुसरा. उद्देशाला तिथे 'प्रयोजन' असा वेगळा शब्द आहे. मराठीत येईपर्यंत 'हेतू'ने प्रयोजनाची जागा बळकावली.

'प्रेरणा'बद्दल सहमत. मूळ अर्थ नुसता 'ढकलणं, प्रवृत्त करणं' असा होता, त्या अर्थाने जेमीला शब्दशः लागू पडतो! पण आज त्याला चांगुलपणाचा वास चिकटलाय.

प्रतिसाद २

जेमी निघालाच आहे तर एक सांगतो. त्याच्या बाबतीत नाम शोधत बसू नका, क्रियापद बघा. आठव्या पर्वात तो त्याच्यावर जीव जडलेल्या ब्रिएनला रडत ठेवून सर्सीकडे परत जातो. यावर "तो सर्सीला सोडेना" असंही म्हणता येतं आणि "त्याला सर्सीला सोडवेना" असंही. पहिल्यात हट्ट आहे. दुसऱ्यात त्याची इच्छा असो-नसो, मन धजत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. मराठी माणूस 'खाईना' आणि 'खाववेना' यांत रोज फरक करतो, पण मालिकेवर लिहायला बसला की "जेमीच्या भावनिक गुंतवणुकीमुळे" वगैरे सुरू होतं. एका 'व'मध्ये काम होत असताना!

प्रतिसाद ३

वरचं आवडलं. पण जेमीला खरा लागू पडणारा शब्द 'सल' आहे. तिसऱ्या पर्वातला हॅरनहॉल किल्ल्याच्या स्नानगृहातला प्रसंग आठवा. हात नुकताच तुटलेला, अंगात ताप, गरम पाण्याची वाफ. तो ब्रिएनला सांगतो की वेडा राजा एरिस सगळं शहर वाइल्डफायर या ज्वालाग्राही द्रवाने जाळायला निघाला होता, म्हणून मी त्याला मारलं. लाखो माणसं वाचवली आणि नाव काय मिळालं, तर राजहत्यारा. सांगता सांगता तो कोसळतो. ती मदतीला हाका मारते, त्यातही तेच विशेषण. आणि हा अर्धवट शुद्धीत म्हणतो, माझं नाव जेमी आहे. सल म्हणजे हे. मोडलेला काटा आत राहून अधूनमधून ठणकतो, तसं. यात पुढचं काही साधायचं नसतं, त्यामुळे 'हेतू' इथे कामाचा नाही.

प्रतिसाद ४

मग सुडाची उतरंडही लावून टाकू. 'आकस' सौम्य, मनातल्या मनात राहणारा. 'खुन्नस' डोळ्यांत दिसते. 'वैर' दोन्हीकडून असतं, स्टार्क आणि लॅनिस्टर या घराण्यांसारखं. 'सूड' ही कृती, उगवला की संपला. आणि 'डूख' सापाचा. साप डूख धरतो म्हणतात. वर्षं गेली तरी विसरत नाही. झोपण्यापूर्वी मारायच्या माणसांची नावं पुटपुटणारी आर्या सूड घेते हे खरं, पण तिला चालवतो तो डूख.

लिटलफिंगर : आतल्या गाठीचा. संपलं.

गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिसला मात्र 'महत्त्वाकांक्षा' देऊ नका, फार सभ्य शब्द आहे. पोटच्या पोरीला जाळण्यापर्यंत गेला तो अट्टाहास. (अट्टाहास, अट्टहास नव्हे. हा माणूस आयुष्यात मोठ्याने हसलाय असं वाटत नाही.)

प्रश्नकर्ती

वा, माझा निम्मा लेख झाला! पण मुख्य अडचण वेड्या राजाच्या मुलीची, डेनेरिसची आहे. ड्रॅगनवर बसून ती राजधानीवर चालून आली. शहर शरण आलं, घंटा वाजल्या आणि तरी तिने सगळं जाळलं. मैत्रिणी म्हणतात, तिच्या जिवलग मिसांडेईचा शिरच्छेद हे कारण. मी लिहिलंय, "घंटांमुळे तिचा तोल गेला." वाचताना काहीतरी खुपतंय.

प्रतिसाद १

खुपणारच, ताई. घंटा कारण नाहीत, निमित्त आहेत. आपल्याकडे 'निमित्ताला टेकलेला' म्हणतात ना, तशी ती टेकली होती. कारणं आधीची आहेत आणि ती एकावर एक साचलेली : निष्ठावंत जोरा गेला, रेगल हा ड्रॅगन गेला, मिसांडेई गेली, सल्लागार व्हॅरिसने दगा दिला, आणि लोकांचा ओढा गादीच्या दुसऱ्या वारसाकडे, जॉनकडे. जॉनला तर ती हल्ल्याआधी सांगूनच टाकते की प्रेम मिळत नसेल तर भीती चालेल. मग तटावर ड्रॅगनवर बसून ती घंटा ऐकते. एक शब्द बोलत नाही. कॅमेरा चेहऱ्यावर, श्वास चढलेला, नजर समोरच्या राजवाड्यावर. आणि झेप.

निमित्त काढून टाका, कारण उरतं. घंटा वाजल्या नसत्या तर दुसरं काही मिळालं असतं.

गीतेतलं 'निमित्तमात्रं भव' आठवा. अर्जुनाने मारलं नाही तरी ते योद्धे वाचणार नव्हते.

प्रतिसाद ५

इथे मी अडवणार. तुमचा हिशोब बरोबर आला की लेखकांची चूक झाकली जाते. घंटा हे निमित्त, हे मान्य. पण साचलेलं पडद्यावर दिसायला नको? पहिल्या सहा पर्वांना प्रत्येकी १० भाग होते, सातव्याला ७ आणि आठव्याला ६. एकूण ७३ भागांच्या मालिकेत मिसांडेईचं मरण आणि शहर जाळणं यांत एका भागाचंही अंतर नाही. मग प्रेक्षक 'खाण तशी माती' म्हणून मोकळा होतो. बाप वेडा, मुलगी वेडी. हे पात्राचं कारण नव्हे, रक्ताच्या नावावर टाकलेलं बिल आहे.

आणि 'पटलं नाही' या शब्दाकडेही बघा, सगळा घोळ त्यात आहे. एकजण म्हणतो "मला पटलं नाही" आणि त्याला म्हणायचं असतं की निरपराध माणसं जाळणं वाईट. ते कोणालाच पटत नाही! दुसरा तेच म्हणतो, पण त्याला म्हणायचं असतं की मला पटवून दिलं नाही. पहिली तक्रार डेनेरिसविरुद्ध, दुसरी लेखकांविरुद्ध. मी दुसऱ्या गटातला.

प्रतिसाद २

मी तिसऱ्या. मला कळलं, पटलं, फक्त बघवलं नाही. (पुन्हा शक्य क्रियापद.)

प्रश्नकर्ती

वाक्य बदललं : "घंटा हे केवळ निमित्त होतं, डेनेरिस निमित्ताला टेकली होती. ती का टेकली हे कळतं, पण मालिका ते पटवून देत नाही." आणि जेमीसाठी : "ब्रॅनला त्याने हेतूपुरस्सर ढकललं." बरोबर?

प्रतिसाद ४

हेतुपुरस्सर. एकटा 'हेतू' दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. बाकी छापायला द्या.