रजेचं कारण साहेबाला सांगायलाच हवं का?

इंद्रायणीकाठ
आमच्या पुण्यातल्या ऑफिसात रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना आहे. एका सहकारी मुलीने तिथे 'वैयक्तिक' लिहिलं. मॅनेजरने सगळ्यांदेखत विचारलं, "वैयक्तिक म्हणजे नेमकं काय?" ती म्हणाली, गावी काम आहे. "गाव कुठलं तुझं? आणि मधल्याच वारी काय काम?" तिचे मूल होण्यासाठी आयव्हीएफचे उपचार चालू होते. पाच माणसांसमोर तिला एकावर एक खोटं बोलावं लागलं.

आमचं काम जर्मनीतल्या क्लायंटचं आहे. तिथला माणूस 'आज आजारी आहे' एवढंच कळवतो. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी असेल तर डॉक्टर दाखला देतो, पण कंपनीला जे कळतं त्यात आजाराचं नाव नसतंच. काम तर दोन्हीकडे तेच चालतं. मग आपल्याकडेच साहेबाला घरातलं सगळं कशाला कळायला हवं? रजा हक्काची आहे, ती मागताना कुणाला आपलं दुखणं दाखवायची गरज नसावी.

फौंड्रीवाला
पूर्ण असहमत. माझी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. आमचा एक मोल्डर तीन दिवस आला नाही, फोनही बंद. मी घरी गेलो तर बायको दवाखान्यात आणि हा डिपॉझिटसाठी पैसे गोळा करत फिरतोय. विचारलं म्हणून कळलं आणि कळलं म्हणून उचल दिली. जर्मनीचं उदाहरण अर्धंच दिलंत. तिथे माणूस आजारी पडला तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, पुढे विमा आहे. तिथल्या साहेबाला चौकशी न करणं परवडतं, कारण मागे कायदा उभा आहे. इथे माणसाच्या मागे माणूसच उभा राहतो.

तिन्हीसांज
फौंड्रीवाले, तुमच्या मनाविषयी शंका नाही. पण ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा आहे ना? कामगार आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन आणि घरच्यांनाही उपचार. त्याचं कार्ड नीट चालू असतं तर त्या बाईला डिपॉझिटसाठी थांबावं लागलं असतं का, ते आधी तपासा. आणि उचल फिटेपर्यंत तो मोल्डर चार पैसे जास्त मिळतात म्हणून शेजारच्या फौंड्रीत जाऊ शकतो का? ऊसतोडीची जोडपी मुकादमाकडून उचल घेतात, मग हंगामभर त्यांची जागाही ठरलेली आणि तोंडही बंद. तुम्ही मुकादम नाही, मान्य. पण तुमच्या जागी उद्या दुसरा आला तर?

दुसरं, ही चौकशी सगळ्यांना सारखी होत नाही. माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला कुणी कधी विचारलं नाही. मला मात्र लग्नाआधी 'ठरलं का?' आणि लग्नानंतर 'प्लॅनिंग काय आहे?' अप्रेझलच्या मीटिंगमध्ये विचारलं गेलंय. त्यात माया कुठली, प्रमोशन द्यायचं की नाही याचा तो हिशोब होता.

ओसाकावासी
जपानचं सांगतो, कारण इथे हे दोन्ही टोकांनी पाहायला मिळतं. पूर्वी साहेब जोडीदार सुचवायचा, लग्नात नाकोदो म्हणून, म्हणजे मध्यस्थ म्हणून बसायचा. आता ती पद्धत जवळपास संपली. जून २०२० पासून मोठ्या कंपन्यांना आणि एप्रिल २०२२ पासून लहान कंपन्यांनाही अधिकाराच्या जोरावर होणारा छळ रोखणं कायद्याने बंधनकारक आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनांत त्याचे सहा प्रकार दिलेत. त्यातला एक खासगी आयुष्यात अति लुडबुड करण्याचा आहे. उदाहरणात चक्क वंध्यत्वावरच्या उपचारांचा उल्लेख आहे: अशी माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय इतरांना सांगणं हा छळ.

पण त्याच सूचनांत हेही आहे, की कामगाराची सोय पाहता यावी म्हणून घरच्या परिस्थितीची चौकशी करणं यात मोडत नाही. म्हणजे फौंड्रीवाल्यांना इथेही कुणी अडवलं नसतं. पुण्यातल्या मॅनेजरला मात्र चारचौघांत विचारल्याबद्दल जाब द्यावा लागला असता.

रात्रपाळी
रजेचं सोडा, रात्री अकराच्या फोनचं काय? ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर साहेबाला उत्तर न देण्याचा हक्क आहे, नकार अवाजवी नसला म्हणजे झालं. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही.

इंद्रायणीकाठ
ओसाकावासी, आभार, हे नेमकं उपयोगी पडेल. एचआरकडे मागणी टाकतोय: तो रकाना काढा, 'आजारी' आणि 'वैयक्तिक' एवढे दोनच पर्याय ठेवा. ज्याला आणखी सांगायचंय तो आपणहून सांगेल. फौंड्रीवाले, तुमच्याकडेही हे करून बघा.

फौंड्रीवाला
ईएसआयचं बरोबर आहे, सगळ्यांची कार्डं काढून बघतो. पण रकाना तुमच्या ऑफिसातला काढा. माझ्याकडे अर्जच नसतो, सकाळी फोन येतो, "मालक, आज जमत न्हाई." त्यावर मी "का रे, काय झालं?" विचारलं नाही, तर तोच उद्या चहाच्या टपरीवर सांगेल, "मालकानं साधं इचारलं बी न्हाई."