मदत हवी आहे: वर्षाची तूरडाळ करून ठेवणं परवडतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरला राहतो. घरात सहा माणसं आणि वरण दोन्ही वेळा लागतं. दुकानातून लागेल तशी किलो-दोन किलो डाळ आणणं आता जड जातंय. जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर आली की क्विंटलभर घेऊन गिरणीतून डाळ करून आणावी, असं मनात आहे. १०० किलो तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते, बाकी चुन्नी (डाळीचा चुरा) आणि टरफल. चुन्नी गावाकडं म्हशीला जाईल, वाया काही नाही. पण भरडाई, हमाली, रिक्षा धरून हिशोब खरंच बसतो का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.

साठवणीचंही विचारायचंय. सासूबाई म्हणतात, डाळीला एरंडेल चोळायचं, कडक ऊन द्यायचं आणि कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. दहा किलोला एरंडेल किती? पावसाळ्यात तरीही पोरकिडे होतात का? ज्वारी आम्ही सुगीतच भरतो, तिची काळजी नाही.

जाता जाता कूलरचं. २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला ६० युनिट होतात, आणि मे महिन्यात त्यानंच आमचं बिल ३०० युनिटच्या पुढच्या महाग टप्प्यात जातं. यावर कुणी काय केलंय?

खर्च वाचवायला चहा सोडा, असं मात्र कुणी सांगू नका. तो सुटणार नाही.